हवा काढा, गाडी काढा!

दोस्तांनो, सायकलची हवा कुणी सोडली तर केवढा राग येतो ना? पण २०२० पासून सौदी अरेबियात होणाऱ्या डकार रॅलीत वाळूच्या टेकड्या लागल्या, की ड्रायव्हर स्वतःच टायरमधली हवा कमी करतात! का बरं? ओल्या वाळूत आधी बोट दाबा, मग तळहात. बोट रुततं, तळहात नाही. तसंच मऊ टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी रुतत नाही.

पण हवा फारच कमी झाली, तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून वाळूत फिरणाऱ्या काही गाड्यांच्या चाकांना बोल्टने आवळलेलं धातूचं कडं असतं. ते टायरची किनार घट्ट धरून ठेवतं. हेच 'बीडलॉक'!

आणि पक्का रस्ता आला, की हवा पुन्हा भरायचीच. नाहीतर टायर तापून फुटायचा!