आपल्याआधी इथे कोण होते?



आपल्या भागात मराठीवरील अन्यायाची गोष्ट १९५६ पासून सुरू होते. तोवर मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौंसर मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर इकडेच राहिले. राजधानी भोपाळला गेली. आपली घरे, शेते, बाजार जागच्या जागी राहिले, पण कचेरीत मराठी मागे पडली. माणूस गाव न सोडताही कसा उपरा होतो, हे आपल्या आजोबांनी अनुभवले.

हे दुःख खरे आहे. पण इतिहासाची आणखी काही पाने मागे उलटली पाहिजेत. हा मुलूख देवगडच्या गोंड राज्याचा. ज्या नागपूरला आपण माहेर मानतो, ते १७०२ साली देवगडच्या बख्त बुलंद शाहाने वसवले. पुढे चांद सुलतानानंतर वारसांत तंटा झाला. राणीने मदतीला रघूजी भोसल्यांना बोलावले आणि हळूहळू सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजाकडे किताब आणि तनखा तेवढा उरला. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांचा वाडा सर्वांना ठाऊक असतो. त्याच वस्तीतला गोंड राजाचा किल्ला किती जण पाहतात? आपले १९५६ गोंडांच्या वाट्याला दोनशे वर्षे आधीच आले होते.

१९५६ च्याच घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. याच आधारावर आपण मराठी शाळेचा हक्क मागतो. मग गोंडी बोलणाऱ्या घरातले मूल आपल्या वर्गात आले, तर त्याचा हक्क कुठे जातो? मराठीला निदान आठव्या अनुसूचीत स्थान आहे. गोंडीला तेही नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. छिंदवाड्यात आपण एका कोपऱ्यात होतो. नव्या जिल्ह्यात मराठी माणसाचे वजन वाढले आहे. जोर आपल्याकडे येतो, तेव्हाच आपली खरी परीक्षा असते. भोपाळने आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण शेजाऱ्याशी वागतो का?

म्हणून विश्वस्त मंडळाला तीन विनंत्या. प्रवेश अर्जात घरी बोलली जाणारी भाषा विचारावी. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी गोंडी गाणी आणि गोष्टींनाही व्यासपीठ द्यावे. वार्षिक सहल एकदा तरी देवगडच्या किल्ल्यावर न्यावी. यात फार खर्च नाही. गोंडीला जागा दिली तर मराठीची जागा कमी होईल, अशी भीती काही पालक बोलून दाखवतील. पण दुसऱ्याच्या भाषेचा मान राखणाऱ्या शाळेलाच स्वतःच्या भाषेसाठी मान ताठ ठेवून मागता येते.