यादीत नसलेली नावे

अमेरिकेत कोणत्या शेतकऱ्याला केंद्र सरकारकडून किती अनुदान मिळाले, हे आज घरबसल्या पाहता येते. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याच्या आधारे कृषी खात्याच्या नोंदी मिळवल्या आणि २००१ मध्ये त्या लाभार्थींच्या नावांसह इंटरनेटवर खुल्या केल्या. लहान शेतकऱ्याचे नाव पुढे करून वाटलेला पैसा प्रामुख्याने मोठ्या जमीनधारकांच्या हाती पडतो, हे त्यामुळे सर्वांना दिसले.

तथापि अशी यादी असते ती पैसे मिळालेल्यांची. खिडकीवरून परत पाठवलेल्यांची नोंद तीत नसते. टिमोथी पिगफर्ड आणि अन्य कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये कृषी खात्याविरुद्ध दावा लावला. वर्णामुळे आपल्याला कर्ज नाकारले जाते किंवा हंगाम टळल्यावर दिले जाते आणि तक्रारींची चौकशीही होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९९९ मध्ये तडजोड झाली. परंतु ५०,००० डॉलरची भरपाई हवी असल्यास अर्जदाराने आपल्यासारख्याच परिस्थितीतील एखादा गोरा शेतकरी नेमका दाखवून, त्याला अधिक चांगली वागणूक मिळाली हे मांडायचे होते. शेजाऱ्याला किती कर्ज कोणत्या अटींवर मिळाले, हे गरीब शेतकऱ्याला कसे कळावे? ज्याच्यावर आरोप, त्याच्याच कपाटात पुरावा! हजारो अर्ज फेटाळले गेले, आणि त्यांतील अनेक याच अटीपाशी अडले. मुदतीनंतर आलेल्यांसाठी २०१० मध्ये १.२५ अब्ज डॉलरची दुसरी तडजोड करावी लागली. १९२० मध्ये या देशात सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारही उरलेले नाहीत.

आजही पडदा पुरता उठलेला नाही. पीकविम्याच्या हप्त्याचा सरासरी निम्म्याहून अधिक भार सरकार उचलते. मात्र हा लाभ घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे नाव कायद्यानेच गोपनीय ठेवले आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. भारतात २०१९ पासून पीएम-किसान योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. गावनिहाय लाभार्थींची यादीही कोणालाही पाहता येते. ही पारदर्शकता स्वागतार्ह आहे. परंतु योजनेचे दार सातबाऱ्यावरील नावानेच उघडते. दुसऱ्याच्या रानात आयुष्य घालवणारा भूमिहीन मजूर, तोंडी करारावर जमीन कसणारा बटईदार, ही माणसे त्या यादीत कधीच येत नाहीत. आणि आपल्या समाजातील कितीतरी घरे नेमकी याच माणसांची आहेत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळावा, हाच त्यांचा आग्रह होता.

म्हणून सरकारी यादी खुली व्हावी, ही मागणी पहिली पायरी होय. किती जणांनी अर्ज केले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, हेही खुले व्हावे, ही दुसरी. तिसरी पायरी आपली स्वतःची आहे. पुढच्या वेळी गावाकडे फोन कराल, तेव्हा हप्ता जमा झाला का, एवढेच विचारू नका. वस्तीतील कोणाचे नाव यादीत नाही, हेही विचारा.

जय भीम.