फोटो मागायला फोन येतो, रक्त तपासायला कोण बोलावतं?

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल किंवा ठरत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात मला एका हॉस्पिटलमधून फोन आला. २०२१ साली तिथेच माझं मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं होतं. नाव घेत नाही, कारण हा रोग एका हॉस्पिटलचा नाही. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, तुमची जर्नी खूप इन्स्पायरिंग आहे. आधीचा आणि आत्ताचा फोटो पाठवाल का? दोन मिनिटांचा व्हिडिओ दिलात तर अजून छान." मी विचारलं, "माझं शेवटचं बी-१२ किती होतं, दिसतंय का तुमच्या कॉम्प्युटरवर?" ती म्हणाली, "ते डिपार्टमेंट वेगळं आहे मॅडम."

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष संपल्यापासून आलेला हा त्यांचा तिसरा फोन. पहिलाही फोटोसाठीच होता. दुसऱ्यात विचारलं, ओळखीत कुणी इच्छुक आहे का. रक्त तपासायची वेळ झाली, या म्हणून एकही नाही.

आता माझं सांगते. ऑपरेशनच्या वेळी वजन ११२ किलो, बीएमआय ४१, दहा वर्षांचा मधुमेह, रोज इन्सुलिन. दीड वर्षात ७१ वर आले, इन्सुलिन सुटलं. शाळेचा जिना न थांबता चढायला लागले. ऑपरेशन चुकलं असं मी म्हणत नाही. "बघा, आम्ही सांगत होतो, चालायला जा, भात सोडा" असं म्हणणाऱ्यांनी ही पोस्ट आपल्या बाजूने वापरू नये.

तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या यायला लागल्या. मग पायातली चपल निसटायची आणि मला चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जायचा. मधुमेह होताच, त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे शुगरचं. गावातल्या डॉक्टरांकडे गेले. माणूस भला आहे. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. त्यांनी लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वर सरकलं, आम्ही खूश. पाय मात्र आणखी बिघडले.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. अन्नातलं बी-१२ मोकळं करायला पोटातलं आम्ल लागतं. ते आतड्यात शोषलं जायला पोटाच्या अस्तरातून येणारा एक खास घटक लागतो. बायपासमध्ये पोटाचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो, म्हणजे दोन्ही कमी. त्यात आम्ही शाकाहारी, बी-१२ मुळातच तळाला. त्यात मी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलेलं, तेही बी-१२ कमी करतं. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा असतो, म्हणून पहिली एक-दोन वर्षं काहीच जाणवत नाही. सगळे "किती छान बारीक झालीस" म्हणत असतात आणि आत साठा संपत असतो. फोलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. रिपोर्टमध्ये मी बरी होत होते आणि प्रत्यक्षात माझे पाय जात होते.

डॉक्टरांना हे कसं कळणार? मी त्यांना "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगितलं होतं. त्यांना वाटलं हर्निया असेल. खरं सांगायची मला लाज वाटली होती. ही माझी चूक, कबूल. पण डिस्चार्जच्या फाईलमध्ये दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येईल असं एक पान नव्हतं. टाके कधी काढायचे, आहाराचे टप्पे कोणते, पुढची अपॉइंटमेंट कधी, आणि सोबत एका कंपनीच्या प्रोटीन पावडरचं पत्रक. बास.

शेवटी साताऱ्याला एका फिजिशियनबाईंनी सरळ विचारलं, "बायपास की स्लीव्ह?" मला रडूच आलं. बी-१२ निघालं ११८. ड जीवनसत्त्व ९. फेरिटिन एक आकडी. कॅल्शियम अगदी नॉर्मल, पण पॅराथायरॉइडचं हार्मोन वाढलेलं. म्हणजे, त्यांनी समजावलं, तुमचं शरीर हाडांमधून कॅल्शियम काढून रक्तातला आकडा सांभाळतंय. मी वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या घेत होते हो! पण त्या कार्बोनेटच्या, ज्यांना विरघळायला आम्ल लागतं. आमच्यासारख्यांना सायट्रेट बरं. आणि ती गोळी मी लोहाच्या गोळीबरोबर एकदमच घ्यायचे, वर चहा. कॅल्शियम लोहाला अडवतं, चहाही अडवतो. दोन्ही गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, हे मला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे आणि बहुधा तसाच राहील.

यातलं काहीही नवीन संशोधन नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना कुणालाही वाचता येतात. पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने रक्त तपासण्या, नंतर दरवर्षी, आणि तेही आयुष्यभर. रोज कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, बी-१२, ड, थायमिन, सगळ्याचे आकडे दिलेले आहेत. आपल्या सर्जन मंडळींना ते पाठ असतात, परिषदांमध्ये स्लाईडवर येतात. पेशंटच्या फाईलमध्ये येत नाहीत, कारण फाईल "पॅकेज"ची असते आणि पॅकेज डिस्चार्जला संपतं.

विम्याची गंमत बघा. नियामकाने २०१९ साली पॉलिसीतल्या अपवादांची जी ठरावीक भाषा घालून दिली, त्यात या ऑपरेशनच्या अटी आहेत. वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार. मी बसले त्यात. कंपनीने तीन लाखांच्या वर बिल भरलं. डिस्चार्जनंतरचा खर्च माझ्या पॉलिसीत ६० दिवस मिळतो. आणि मला पहिली तपासणी तीन महिन्यांनी सांगितलेली! विमा साठाव्या दिवशी संपतो, तपासणी नव्वदाव्या दिवशी सुरू होते. पुढे वर्षाच्या चाचण्यांना साडेचार-पाच हजार, गोळ्यांना महिना अठराशे, सगळं माझ्या खिशातून. मी शिक्षिका आहे, पगार आहे, करते. कर्ज काढून ऑपरेशन करून घेतलेला माणूस काय सोडणार? आधी चाचण्या, मग गोळ्या. मग त्यालाच ऐकवायचं, "पेशंट फॉलोअपला येत नाहीत."

आमच्या व्हॉट्सॲप गटातली एक मुलगी. स्लीव्ह होऊन दुसरा महिना. दोन आठवडे उलट्या, काही टिकेना. पुण्याला फोन केला तर "हळूहळू खा" म्हणाले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, ग्लुकोजचं सलाईन लावलं. थायमिनचा, म्हणजे बी-१ चा, साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या होणाऱ्या अशा पेशंटला आधी बी-१ न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही वापरलं जातं आणि थेट मेंदूवर येतं. तिला एकाचे दोन दिसायला लागले, चालता येईना, बोलणं असंबद्ध. वाचली. पण अजून सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. बी-१ चं इंजेक्शन काही महाग नसतं. सलाईन लावणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात सांगणारा कागदच नव्हता.

आणि आपण, घरचे? "एवढी बारीक झालीस, आता गोळ्या कशाला?" "गोळ्यांनी किडनी जाते." आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र, वाटीभर पोटात साबुदाणा ढकलायचा आणि प्रोटीन शून्य. नवरा औषधांच्या दुकानातून "तेच आहे, स्वस्त आहे" म्हणून भलतंच मल्टिव्हिटॅमिन आणतो. बाटलीची मागची बाजू वाचा. समोर "संपूर्ण पोषण" आणि मागे लोह ५ मिलिग्रॅम.

२०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली तेव्हा मालवाहू विमान, क्रेन, रोजचे किलो, सगळं टीव्हीवर होतं. किलो मोजायला कॅमेरा येतो. फेरिटिन मोजायला कोण येणार?

माझं मागणं फार नाही. ऑपरेशनआधी सही घेता त्या कागदावर लिहा की तपासण्या आणि गोळ्या आयुष्यभर आहेत, आणि वर्षाचा अंदाजे खर्च किती. निदान पहिल्या पाच वर्षांच्या तपासण्या पॅकेजच्या किमतीतच धरा, पॅकेज महाग झालं तरी चालेल, खरी किंमत तरी कळेल. पाकिटात मावेल असं मराठीतलं कार्ड द्या, कुठलं ऑपरेशन, काय द्यायचं, काय आधी द्यायचं. विमा कंपन्यांनी ऑपरेशन मंजूर केलं तर वार्षिक रक्त तपासणीही त्याचाच भाग माना. आणि जाहिरातीत "हजारो यशस्वी शस्त्रक्रिया" छापता, त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापा: त्यातले किती जण पाचव्या वर्षी तुमच्याकडे रक्त तपासून गेले?

त्या मुलीला मी फोटो पाठवला. डाव्या पायाचा. अजून उत्तर आलेलं नाही.