ब्रेक कुणाच्या हाती? पेटंटचे परीक्षण आणि सामान्य माणूस

गेल्या महिन्यात विदर्भातला एक तरुण अभियंता कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. विमानासाठी आपोआप लागणाऱ्या आणीबाणीच्या ब्रेकची त्याची योजना आहे. धावपट्टीवर समोर अडथळा आला किंवा पट्टी संपत आली आणि वैमानिकाने ब्रेक लावला नाही, तर यंत्रच ब्रेक लावील. पेटंटसाठी त्याने स्वतःच अर्ज केला होता. पेटंट कार्यालयाकडून पहिला परीक्षण अहवाल आला, त्यात आक्षेपांची रांगच होती. पोरगा खचला होता. "वकीलसाहेब, आपलं आडनाव बघूनच हे केलं असेल का?" असे त्याने विचारले.

या प्रश्नाला हसण्याची आमची हिंमत नाही. ज्या समाजाने मुलाखतीच्या खोलीत आडनावाचा हिशेब आधी होताना पाहिला आहे, त्याच्या तोंडी हा प्रश्न येणारच. पण आम्ही तो अहवाल दोनदा वाचला आणि त्याला स्पष्ट सांगितले, बाबा रे, हे आक्षेप तुझ्या आडनावाला नाहीत, तुझ्या दाव्यांच्या भाषेला आहेत आणि त्यातले बरेचसे बरोबर आहेत. आक्षेप म्हणजे नकार नव्हे. उत्तर द्यायला कायद्याने सहा महिने दिले आहेत. त्यानंतरही सुनावणीचा हक्क आहे.

हा विषय एका तरुणापुरता नाही, म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

पेटंट म्हणजे काय? तो समाजाने संशोधकाशी केलेला सौदा आहे. तू तुझी युक्ती लपवू नकोस, ती लिहून सर्वांसमोर मांड. त्या बदल्यात वीस वर्षे ती दुसऱ्याने तुझ्या परवानगीशिवाय वापरू नये, याची हमी आम्ही देतो. वीस वर्षांनंतर ती सर्वांची. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आपला १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. त्यामागची दृष्टी हीच, की मक्तेदारी द्यायची तर त्या बदल्यात देशाला काही मिळाले पाहिजे. भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक ठरावे असे संविधानाचा अनुच्छेद ३९ सांगतो. पेटंट कार्यालयातला परीक्षक हा त्या सौद्यातला जनतेचा पहारेकरी आहे. तो सैल राहिला तर जुनीच वस्तू नवी म्हणून आपल्याला वीस वर्षे विकली जाते.

आता विमानाच्या ब्रेककडे येऊ. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून दरीत गेले. १६६ पैकी १५८ माणसे मेली. धावपट्टी ८,०३३ फुटांची. विमानाने जमिनीला स्पर्श केला तो सुमारे ५,२०० फूट पट्टी मागे टाकल्यावर. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, पुन्हा दुबईहूनच आलेले विमान कोळीकोडला मुसळधार पावसात उतरले. ८,८५८ फुटांच्या पट्टीवर त्याची चाके टेकली सुमारे ४,४०० फुटांवर. २१ जण गेले. दोन्ही विमानांत आखातात राबून घरी परतणारी माणसे होती.

या दोन्ही अपघातांत एक समान गोष्ट आहे आणि ती आम्हाला फार अस्वस्थ करते. दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर चला, असे सांगितले होते. मंगळूरला तर तीनदा सांगितले. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. मंगळूरचा मुख्य वैमानिक परदेशी होता, म्हणजे ही उतरंड केवळ आपल्याकडची नव्हे. कनिष्ठ बरोबर असतो आणि वरिष्ठ ऐकत नाही, हे जगभर चालते. उतरंड माणसे मारते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

यंत्राला वरिष्ठ-कनिष्ठ कळत नाही. म्हणूनच धोका ओळखून आपोआप काम करणाऱ्या यंत्रणेचे मोल आहे. पण इथेच परीक्षक विचारतो, यात नवीन काय? आणि तो प्रश्न रास्त आहे. चाक घसरू न देणारी मॅक्सारेट ही यंत्रणा डनलॉपने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विमानांसाठी आणली होती. वैमानिकाने उड्डाण रद्द करून इंजिनाचे दांडे मागे ओढले, की ठरावीक वेगापुढे पूर्ण जोराने ब्रेक आपोआप लागतो, ही सोय बोइंगच्या विमानांत कित्येक वर्षांपासून आहे. एअरबसची यंत्रणा, जिला २००९ साली युरोपात ए-३८० विमानासाठी प्रथम मान्यता मिळाली, उतरताना सतत हिशेब करते की उरलेली पट्टी पुरेल का. पुरणार नसेल तर हवेत असतानाच इशारा देते आणि जमिनीवर आल्यावर पूर्ण ब्रेक लावायला लावते. मोटारीत समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी सोय व्होल्वोने २००८ पासून बाजारात आणली.

मग 'संवेदक, संगणक आणि ब्रेक यांची जोडणी' एवढाच दावा कुणी केला तर परीक्षकाने तो का मान्य करावा? आपल्या कायद्याचे कलम २(१)(जेए) म्हणते, की शोधात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवे, आणि तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात मोटारीच्या पेडलबाबत हेच सांगितले. मागेपुढे सरकणारे पेडल जुने, इलेक्ट्रॉनिक संवेदक जुना. दोन ओळखीच्या वस्तू ओळखीच्या रीतीने जोडल्या तर त्यात शोध कुठला?

तरीही मोटारीचा ब्रेक उचलून विमानाला लावता येत नाही. मोटार थांबली की संकट टळते. विमानाचे तसे नाही. उड्डाणासाठी धावताना एक निर्णायक वेग असतो. त्याच्या आत थांबता येते. तो ओलांडल्यावर इंजिन बंद पडले तरी उडायचेच असते, कारण आता ब्रेक लावला तर पट्टी पुरत नाही. १९७७ साली तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून ५८३ माणसे मेली. धुक्यात समोर विमान दिसले तेव्हा केएलएमच्या वैमानिकाने विमान उचलण्याचा प्रयत्न केला. अशा क्षणी यंत्राने काय करायचे? ब्रेक लावायचा की नाही, कोणत्या वेगाला नाही, ओल्या पट्टीवर कधी नाही, आणि वैमानिकाने हात घातला तर शेवटचा शब्द कुणाचा? खरा शोध असेल तर तो या उत्तरात आहे. ब्रेक लावणे सोपे आहे, कधी लावू नये हे यंत्राला शिकवणे कठीण आहे.

आमच्या तरुणाच्या वर्णनात हा भाग होता, पण चौदाव्या पानावर एका परिच्छेदात दडलेला. दाव्यांत त्याचा मागमूस नव्हता. कायदा संरक्षण देतो ते दाव्यांना. त्यातही कलम ३(के) आहेच. निव्वळ संगणक प्रणाली किंवा हिशेबाची रीत यांना पेटंट नाही. पण प्रणालीतून तांत्रिक परिणाम साधत असेल तर केवळ प्रणाली आहे म्हणून ती झिडकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली फरीद अलानी प्रकरणात सांगितले आहे. ब्रेकवरचा प्रत्यक्ष दाब बदलतो, विमान थांबते, हा तांत्रिक परिणाम नाही तर काय?

राइट बंधूंचेही असेच झाले होते. १९०३ साली त्यांनी स्वतः केलेला पहिला अर्ज नाकारला गेला. मग त्यांनी वकील गाठला आणि १९०६ साली पेटंट मिळवले. पुढची गोष्ट मात्र तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या पेटंटची व्याप्ती एवढी मोठी धरली गेली, की अमेरिकेतले विमाननिर्माते कोर्टकचेऱ्यांत अडकले. अखेर १९१७ साली महायुद्धाच्या तोंडावर सर्वांची पेटंटे एकत्र करून तिढा सोडवावा लागला. फार कडक परीक्षण शोधकाला मारते, फार सैल परीक्षण सगळ्या उद्योगाला अडवते.

आणखी एक गैरसमज दूर करू. पेटंट मिळाले म्हणजे वस्तू सुरक्षित ठरली, असे मुळीच नाही. परीक्षक नवेपणा तपासतो, विमानात बसून पाहत नाही. सुरक्षिततेचा दाखला देणे हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयासारख्या संस्थांचे काम. तिथे हयगय झाली की काय होते, हे बोइंग ७३७ मॅक्सने दाखवले. एका संवेदकाच्या चुकीच्या आकड्यावर यंत्रणा आपोआप विमानाचे नाक खाली ढकलत राहिली आणि २०१८ व २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. यंत्राला उतरंड कळत नाही हे खरे, पण यंत्र चुकले तर त्यालाही गप्प करण्याची सोय माणसाकडे हवी.

मग सामान्य माणसाचा संबंध कुठे येतो? तो असा. धावपट्टी संपत असल्याचा इशारा देणारी यंत्रणा नव्या मोठ्या विमानांवर सक्तीची करण्याचा नियम युरोपने २०२० साली केला. सक्ती योग्यच आहे. पण जी गोष्ट कायद्याने सक्तीची होते, तिच्यावर एखाद्याचे ढिले, ऐसपैस पेटंट असेल, तर तो टोलनाका होतो. टोल कोण भरणार? आखातातून परतणाराच ना? व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली तीन टोकांचा सीटबेल्ट शोधला. कंपनीने पेटंट घेतले, पण वापर सर्वांना खुला केला. प्रत्येक कंपनीकडून अशा औदार्याची आशा धरता येत नाही. म्हणून कायद्यात तरतुदी आहेत. कलम ८४ खाली सक्तीचा परवाना देता येतो. मार्च २०१२ मध्ये बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटकोला तो दिला गेला आणि महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. कलम १०० खाली सरकारला स्वतःच्या कामासाठी पेटंट वापरता येते.

सर्वात मोठे शस्त्र मात्र कलम २५(१) चे. पेटंट देण्याआधी कोणीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते. 'कोणीही' हा शब्द मोलाचा आहे. ग्लिवेक औषधाच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला होता. ती लढाई १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिसच्या पराभवाने संपली. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने मात्र या विरोधाला शुल्क लावले, आणि तो दाखल करून घेण्याजोगा आहे का हे आधी नियंत्रक ठरवतील अशी गाळणी बसवली. पेटंट भारतात प्रत्यक्ष वापरले जाते का याचा दरवर्षीचा तपशील आता तीन वर्षांतून एकदा दिला तरी चालतो. दुसरीकडे, मार्च २०२४ पर्यंतच्या एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिल्याचा गाजावाजा सरकारने केला. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३४ हजारांच्या घरात होता. पेटंटे वाढली याचा आम्हालाही आनंद आहे. पण तिप्पट वेगाने तपासताना तपासणी तेवढीच कसून होते का, हा प्रश्न विचारायचा नाही का? वेग वाढवला तर ब्रेकही तसाच हवा. इथे वेग वाढतो आहे आणि जनतेच्या हातातला ब्रेक ढिला केला जातो आहे. शुल्क आणि गाळणी मागे घ्यावी, ही आमची मागणी आहे.

आणि बांधवांनो, मागणीबरोबर तयारीही हवी. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाचे ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपन्यांना ते ८,००० आणि २०,००० रुपये पडते. म्हणजे दार बंद नाही. पेटंट परीक्षकांना घडवणारी राष्ट्रीय संस्था तर आपल्या नागपुरातच आहे. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेल्याला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. आपली किती मुले तिकडे वळतात? अर्ज लिहिणारा आपला, तपासणारा आपला आणि चुकीच्या पेटंटला विरोध करणाराही आपला, अशी माणसे उभी राहिली पाहिजेत.

तो तरुण आता दावे नव्याने लिहितो आहे. कायद्याची मर्यादा आम्ही त्याला सांगितली. आधी वर्णनात जे लिहिले आहे त्याच्या आतच राहायचे, नवे काही घुसडायचे नाही. चौदाव्या पानावरचा तो परिच्छेद आता पहिल्या दाव्यात आला आहे. पेटंट मिळेल की नाही हे परीक्षक ठरवील, आणि त्याने कसून तपासूनच ठरवावे. आडनावाची भीती मनातून काढून तो पोरगा आता आक्षेपाला उत्तर लिहितो आहे, आमच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.