जुने इंजिन आणि घरचे हात

मुंबईकरांच्या मनात 'पद्मिनी'ला जे स्थान लाभले, ते इतर मोटारींच्या वाट्यास क्वचितच आले असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन थांबून आता दोन तपे लोटली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तथापि कित्येक घरांच्या आवारात वडिलांची किंवा आजोबांची पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असते. ती मोडीत काढण्यास मन धजत नाही आणि चालवावी तर ती धूर ओकते. अशा वेळी घरातील तरुण मंडळी म्हणतात, "आपणच इंजिन उघडू." त्यांना हो म्हणावे की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हे काम घरी होण्याजोगे आहे खरे. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, कार्ब्युरेटरचे. त्यात संगणकाचा संबंध नाही. परंतु हातात पाना घेण्यापूर्वी परीक्षा करावी. इंजिन तापवून इग्निशन तोडावे, चारही प्लग काढावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजून लिहून ठेवावा. जेथे दाब कमी भरेल तेथे थोडे ऑईल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा अथवा सिलिंडर झिजले असे समजावे. न वाढला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये असतो. दोष वरच्या भागातच सापडला, तर हेड उतरवून काम भागते. सारे इंजिन बाहेर काढण्याची गरज नसते.

संपूर्ण इंजिन उतरवावयाचेच असेल, तर प्रथम बॅटरीची तार सोडवावी. साखळीची कप्पी भक्कम आधारास बांधावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः उभे राहून पाळून घ्यावा.

पुढे खरी कसोटी बळाची नसून शिस्तीची आहे. वर्षानुवर्षे एकत्र फिरलेले भाग एकमेकांच्या जोडीने झिजलेले असतात. पहिल्या सिलिंडरचा पुशरॉड तिसऱ्यास लावला, किंवा एका कनेक्टिंग रॉडची टोपी दुसऱ्यास बसविली, तर दोन्ही भाग चांगले असूनही जोडी बिघडते. म्हणून प्रत्येक भागावर क्रमांक घालावा, पुठ्ठ्याला भोके पाडून पुशरॉड व व्हॉल्व्ह क्रमाने खोचावे, पदोपदी छायाचित्र घ्यावे आणि वहीत नोंद करावी. ही वही मुलाने ठेवली काय किंवा मुलीने ठेवली काय, हस्ताक्षर मात्र एकाच व्यक्तीचे असावे.

काही कामे घरी करूच नयेत. सिलिंडर लांबट झाले आहेत काय हे मोजणे, बोअर मारणे, क्रँक घासणे आणि हेडचा पृष्ठभाग सपाट करणे ही कामे जाणत्या लेथवाल्याची आहेत. नवे पिस्टन व बेअरिंग त्याने दिलेल्या मापावरूनच विकत घ्यावे. आधी घेतल्यास पैसा वाया जाण्याचा संभव असतो. जोडणीच्या वेळी गॅस्केट नवेच घालावे, रिंगांच्या तोंडांतील फट फीलर गेजने पाहावी, हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळावे. नंतर क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पाहावा. तो कोठे अडला, तर जोर न लावता कारण शोधावे. प्रारंभीचे हजार किलोमीटर गाडी बेताने चालवावी व ऑईल लवकर बदलावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा गाड्यांचा खरा घात झिजेमुळे होत नाही. तो अर्धवट सोडलेल्या कामामुळे होतो. खोक्यांत भरलेले सुटे इंजिन माळ्यावर जाते, दोन-चार वर्षांत निम्मे भाग हरवतात आणि अखेर वडिलांची गाडी भंगाराच्या वजनाने विकली जाते. म्हणून घरात एकत्र बसून प्रथम तीन गोष्टी ठरवाव्या : लेथवाल्याच्या अंदाजासह खर्च किती, जागा कोणती आणि काम तडीस नेण्याची जबाबदारी कोणाची. या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर मुलांना आनंदाने अनुमती द्यावी. न मिळाली, तर इंजिनास हात न लावता गाडी एखाद्या जाणकार शौकिनास अखंड द्यावी. तीही त्या गाडीची कदर केल्यासारखीच आहे.