गॅस स्प्रिंग : कोंडलेल्या वायूचे बळ

आजकाल पुष्कळ घरांतून सामान ठेवण्याची सोय असलेले पलंग दिसतात. फळी थोडीशी उचलली की ती गादीसकट आपोआप वर जाते आणि तेथेच थांबते. बाजारात या पलंगाला ‘हायड्रॉलिक’ म्हणतात. पण भार उचलण्याचे काम तेल करीत नाही, वायू करतो.

फळीच्या दोन्ही बाजूंना बसविलेल्या पोलादी नळ्यांत नायट्रोजन मोठ्या दाबाने कोंडलेला असतो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग असलेला हा वायू पेट घेत नाही. नळीतील दट्ट्याला बारीक छिद्र असल्यामुळे वायूचा दाब त्याच्या दोन्ही अंगांना सारखाच असतो. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? एका अंगाला दट्ट्याची काही जागा दांड्याने व्यापलेली असते. तेथे वायूचा विरोध पोचत नाही. दांडा ८ मिलिमीटर जाड असेल, तर ही जागा अर्धा चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब असल्यास बळ मिळते सुमारे ५० किलो.

दाब बदलला की बळ बदलते. छिद्र लहान केले की गती मंदावते. नळीतील थोडेसे तेल अखेरचा धक्का सौम्य करते. छिद्राला झडप बसविली की दांडा हव्या त्या ठिकाणी रोखता येतो. कचेरीतील खुर्ची याच युक्तीने खालीवर होते. मोटारीचे मागचे दार उचलून धरणारी दांडीही हीच.

मात्र हे बळ ठराविक भारासाठी निवडलेले असते. हलकी गादी काढून कापसाची जड गादी घातली, तर फळी वर टिकेलच असे नाही. थंडीचाही परिणाम होतो : ४० अंशांवरून तापमान १० अंशांवर उतरले, की बळ जवळजवळ एकदशांशाने घटते. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराने वायू हळूहळू झिरपतो. म्हणून फळी अर्ध्यावरून खाली सरकू लागली, तर दोन्ही नळ्या एकदमच बदलाव्यात; तोवर भक्कम टेकू दिल्यावाचून कोणी, विशेषतः मुलांनी, आत वाकू नये.

काढलेल्या नळीतही दाब शिल्लक असतो. ती कापू नये, भोसकू नये, विस्तवात टाकू नये. आणि भंगारात देताना घेणाऱ्यालाही हे आवर्जून सांगावे.