खाडी अ‍ॅट होम

जव्हार-मोखाड्याचा वीकेंड म्हणजे दाभोसा धबधबा, जयविलास पॅलेस आणि मोबाइलभर फोटो. यात निवटी कुठून आली? त्या डोंगरात ती औषधालाही सापडायची नाही. पण तिचा अर्धा पत्ता तिथलाच! वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरातून निघते, मोखाड्यातून उतरते आणि अर्नाळा-दातिवऱ्यापाशी समुद्राला मिळते. तिथे गोड्यात खारं मिसळतं, चिखल साचतो आणि त्यावर डोळे वटारून बाईसाहेब उड्या मारत असतात.

निवटी म्हणजे चालणारा मासा. पुढचे पर टेकत ती सरकते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून नेते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते. त्यामुळे काठोकाठ भरलेला फिशटँक तिच्या कामाचा नाही.

फंडा सोपा आहे. ४ फूट लांब, दीड फूट रुंद टाकी घ्या. अर्ध्या भागात वाळूचा उतार आणि एखादं ओंडकं, उरलेल्यात ५ इंच पाणी. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडवा, मग लिटरमागे साधारण १० ग्रॅम मरीन सॉल्ट घाला. स्वयंपाकघरातलं मीठ नको. पाणी आटलं तर वरून गोडंच घाला, कारण मीठ उडून जात नाही. झाकण घट्ट हवं, ही बया काचसुद्धा चढते!

कोळणी जिवंत विकतात ती निळ्या ठिपक्यांची निवटी उचलायचा मोह टाळा. ती चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते, घरी उपाशी मरते. किडे, अळ्या खाणारी छोटी जात टिकते, पण एवढ्या जागेत एकच ठेवा. दोन नर म्हणजे रोजची हाणामारी.

रूममेट म्हणून पूर्ण वाढलेल्या मॉली बेस्ट, त्यांना खारट पाणी मानवतं. गप्पी नकोत, निवटीचा नाश्ता होईल. पफर तर मुळीच नको, तो पर कुरतडतो. आणि एक लक्षात ठेवा, निवटी टाकीत सहसा वीत नाही. म्हणजे दुकानातली प्रत्येक निवटी कुठल्या तरी खाडीतून उचललेली असते. वर्षानुवर्षं सांभाळायची तयारी नसेल, तर ओहोटीला खाडीकाठी जाऊन बघा. शो फुकट आहे.

आता पाण्याचा हिशोब. मुंबईकरांच्या नळात मध्य वैतरणेचं पाणीही असतं. ते धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. म्हणूनच मला हा छंद पटतो. सगळी खाडी ३५ लिटरमध्ये बसते आणि आठवड्याला अर्धी बादली पाणी बदललं की झालं. जुनं खारं पाणी कुंडीत ओतू नका, फ्लशला वापरा.

मीठ तुमचं, पाणी मोखाड्याचं. तेवढी जाण असू द्या!